दुसरीच्या वर्गाने काढलेला नकाशा

'आपला परिसर' हा धडा दुसरीच्या बाई गेली अकरा वर्षं एकाच चालीवर शिकवत आल्या होत्या. फळ्यावर पोस्टमन काढायचा, शेजारी डॉक्टर काढायचा, आणि मुलांकडून 'हे आपले मदतनीस' असं घोकून घ्यायचं. यंदा मात्र त्यांनी मनावर घेतलं. शुक्रवारी चौतीस मुलांना हात धरायला लावून शाळेसमोरच्या गल्लीतून फिरवून आणलं. उत्साहाच्या भरात वाटेतल्या प्रत्येक दुकानदाराला सांगितलं, "सोमवारी आमचा नकाशा बघायला यायचं हं!"

शनिवारी वर्गात जमिनीवर भलामोठा कागद अंथरला गेला. "प्रत्येक दुकानाखाली तिथं काय चालतं ते लिहा," बाई म्हणाल्या. "पुस्तकातलं नको. डोळ्यांनी पाहिलेलं लिहा."

मुलांनी कागदावर अक्षरशः लोळून नकाशा काढला. ते रंग, ती वाकडीतिकडी छपरं बघून बाईंना इतकं भरून आलं, की खालचं बारीक अक्षर वाचायचं राहूनच गेलं.

सोमवारी सगळ्यात आधी टेलरकाका आले, चक्क इस्त्रीचा शर्ट घालून. नकाशात आपलं दुकान शोधून त्यांनी मोठ्यांदा वाचलं, "हे काका गुरुवारी या म्हणतात. गुरुवारी गेलं की काज राहिलं म्हणतात." त्यांचा चेहरा उतरला. "हे कुणी लिहिलं?"

"मी," दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. "माझा फ्रॉक तुमच्याकडेच आहे."

"अगं, काज खरंच राहिलंय!"

"मग कधी देणार?"

"गुरुवारी," काका म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

बाई घाईघाईने बाकीचं वाचू लागल्या, पण तोवर औषधवाले सपत्नीक दाखल झाले होते. त्यांच्या दुकानाखाली लिहिलं होतं, 'काका दुपारी काउंटरमागे झोपतात. उठवायला बरणी वाजवायची.'

"अच्छा!" त्यांची बायको म्हणाली. "दुपारी गिऱ्हाइकांची झुंबड असते, म्हणून घरी जेवायला जमत नाही, होय ना?"

"बाई, मुलांना शिकवता तरी काय हो तुम्ही?" औषधवाले बाईंवरच घसरले. टेलरकाकांनीही त्यांची री ओढली. बाई दोघांच्या मधे हात जोडून उभ्या. एकट्या बेकरीवाल्या मावशी तेवढ्या डोळे पुसत होत्या. त्यांच्या दुकानाखाली होतं, 'मावशी तुटलेली बिस्किटं आम्हाला देतात. तुटलेली नसली तर तोडून देतात.'

आवाज ऐकून मुख्याध्यापिका, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई, दारात येऊन उभ्या राहिल्या. आता नोकरीवर बेतणार, अशी बाईंची खात्रीच पटली. नेमकी तेव्हाच एक चिमुरडी मावशींना पुढचं वाचून दाखवत होती, "बेकरीच्या मागे प्लंबरकाका बसतात. फोन आला की मी बाहेरगावी आहे म्हणतात."

"काय?" मोठ्या बाई आत आल्या. शाळेचा नळ तीन आठवडे गळत होता आणि प्लंबर तीन आठवडे बाहेरगावी होता. "कुठं बसतो म्हणालीस? चल, दाखव!"

दहा मिनिटांत त्या प्लंबरला दंडाला धरून घेऊन आल्या. त्याला पाहताच टेलरकाका आपलं भांडण विसरले. "अरे, माझ्याकडची मोरी तुंबलीय!" औषधवाल्यांच्या बायकोला घरची टाकी आठवली. प्लंबर नळाखाली वाकला आणि त्याच्यामागे रांग लागली. आपला नंबर तिसरा आहे म्हटल्यावर टेलरकाका दुकानात गेले, काज पुरं करून फ्रॉक घेऊन आले. औषधवाले तेवढ्यात बायकोबरोबर निमूटपणे जेवायला गेले.

नळ गळायचा थांबला. मोठ्या बाई खूश होऊन वर्गात परतल्या. "आता नकाशा नीट बघू द्या. ही आपली शाळा ना? काय लिहिलंय हो खाली? माझा चष्मा खोलीत राहिला."

बाईंनी ते आधी मनातल्या मनात वाचलं. मग शक्य तितक्या गोड आवाजात त्या म्हणाल्या, "इथे आमच्या बाई मोठ्याने शिकवतात."

"बाई, थोडं गळलं," दोन वेण्यांची मुलगी लगेच म्हणाली. "मोठ्या बाई आल्या की मोठ्याने शिकवतात, असं आहे."

बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं.

"असं?" मोठ्या बाईंनी विचारलं. "आणि मी गेले की?"

"मग हळू आवाजात गोष्ट सांगतात. हात करून करून."

मोठ्या बाई शेवटच्या रांगेतल्या इवल्याशा बाकावर कशाबशा मावल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "बाई, मी गेले असं समजा."