सदर इसमाचा समुद्राशी संबंध नाही

मासेमारीतलं मला जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या पूनम सागरमध्ये कुणालाच कळत नाही! हे मी नाही म्हणत, सगळी सोसायटी म्हणायची. आता म्हणत नाही. का म्हणत नाही, तेच सांगतो.

चौऱ्याण्णव साल. गोडदेवजवळच्या स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात मी हेडक्लार्क होतो. आमचे मालक जयकुमारशेठ. कांदासुद्धा न खाणारा माणूस! पण कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी एक फोटो पाहिला. निळा समुद्र, गोरा साहेब आणि त्याच्या हातात माणसाएवढा मासा. म्हणे, मासा गळाला लावायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. शेठ हरखलेच!

"खाने का नहीं, सिर्फ पकडने का! लक्षद्वीप जाएंगे. लेकिन प्लॅन कौन करेगा?"

"शेठ, मेरे ऊपर छोड दो!" मी छाती पुढे काढली. "हर संडे राई के कोली लोगों के साथ बोट में जाता हूँ. बीस साल का एक्सपीरियन्स!"

"तो तुम भी चलो, सुभाष. वाइफ को भी लाओ."

मीरा रोडला राहायला येऊन मला तेव्हा सातच वर्षं झाली होती. आणि खरं सांगायचं तर होडी मी फक्त काठावरून पाहिलेली! रविवारी पहाटे पिशवी घेऊन खाडीकाठच्या राई गावात जायचो, बाबाजी कोळ्याच्या ओट्यावर चहा पीत त्याच्या गप्पा ऐकायचो आणि येताना भाईंदरच्या बाजारात शेवंतीकडून मासे घ्यायचो. घरी सांगायचो, मी धरले! का? अहो, दिवसभर वाट्या-चमच्यांची चलनं फाडणाऱ्या माणसाला निदान घरात तरी आपण कुणीतरी असावं असं वाटतं.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. रसिकाला मी वज्रेश्वरीच्या पुढे कुठेही नेलं नव्हतं. तिचं माहेर जळगावचं. लक्षद्वीप म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला एकदा तळ दिसणारं पाणी बघायचंय हो." मग मी इरेला पेटलो. चाळीस पानांची फाइल केली! जहाजाच्या वेळा, गळ, दोऱ्या, टोप्या, शेठच्या जेवणाचे डबे, सगळं सगळं. सासुरवाडीला पत्रं गेली. सोसायटीत पेढे वाटून झाले.

राहिला फक्त परवाना. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो आणि परवान्याला पोलिसांचा दाखला. कारखान्याच्या लेटरहेडवर अर्ज गेले आणि आठवड्याने एक हवालदार माझी चौकशी करायला सोसायटीत आला. मी नेमका कामावर होतो. आता, आदल्याच वर्षी मुंबईतल्या बॉम्बस्फोटांचा माल होड्यांतून किनाऱ्यावर उतरलेला, त्यामुळे त्या वर्षी किनाऱ्यावर कुणी नुसती बॅटरी लावली तरी पोलीस धावत होते. हे आमच्या शेजाऱ्यांनी ध्यानात घ्यायला नको?

शेजारच्या हंसाबेननी दारातच माझं कौतुक सुरू केलं. "सुभाषभाई? बहोत बहादुर आदमी! अंधेरे में बोट लेके निकलता है. खाली थैला लेके जाता है, भरके लाता है!"

"थैले में क्या रहता है?"

"हम लोग तो वेजिटेरियन. हम देखते नहीं!"

हवालदाराने वही काढली. तेवढ्यात आमची रसिका बाहेर आली. नवऱ्याचं कौतुक शेजारीण करते म्हटल्यावर ती कशी मागे राहील!

"अहो, खाडीतली वाट न् वाट ह्यांना पाठ आहे! अंधारात होडी कुठे लावायची, ते डोळे मिटून सांगतील!"

दुसऱ्या दिवशी मी चौकीत!

"होडीतून काय उतरवतोस?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"पापलेट, साहेब!"

"कुठून आणतोस?"

"बाजारातून!"

"बाजारातून होडीने?"

खरं सांगितलं तर अब्रू जाणार आणि नाही सांगितलं तर मीच आत जाणार! शेवटी सांगून टाकलं. पण त्यांचा विश्वास बसेना. माझी फुशारकी शेजाऱ्यांना पटली होती, खरं मात्र कुणाला पटत नव्हतं. मग राईहून बाबाजीला बोलावलं.

"ह्यो?" बाबाजी हसायलाच लागला. "ह्यो कवाच होडीत बसला न्हाय, साहेब! एकदा काठावर वढलेल्या होडीत बसवला, तर तितंच वकला!"

हवालदार शब्द न् शब्द लिहून घेत होता.

मी सुटलो. परवाना मंजूर झाला! पण अर्ज कारखान्याचा, म्हणून पोलिसांच्या अहवालाची प्रतही कारखान्यातच आली. शेठना मराठी वाचता येत नाही. त्यांनी अकाउंट्सच्या नीरजला वाचायला सांगितलं, तेही पॅकिंगच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर.

"सदर इसमाचा समुद्राशी काहीही संबंध नाही. मासे बाजारातून विकत आणतो. जमिनीवरील होडीतही ओकतो. वर्तणूक निरुपद्रवी. परवाना देण्यास हरकत नाही."

'निरुपद्रवी'ला नीरजला हिंदी शब्द सापडेना. तो म्हणाला, "मतलब, किसी काम का नहीं."

शेठनी माझी फाइल उचलली. "प्लॅन एकदम फर्स्टक्लास है, सुभाष. लेकिन नीरज जाएगा. उसको उल्टी नहीं होती."

नीरज गेला, त्याची सुरुची गेली. त्यांनी आणलेल्या फोटोंत पाण्याचा तळ कसा दिसत होता, ते सोडा. मला त्या संध्याकाळचं सांगायचंय.

रसिकाने अहवाल वाचला. दोनदा वाचला. मला वाटलं, आता लक्षद्वीपवरून भांडेल. निदान चार दिवस बोलणार नाही. पण लक्षद्वीपचं तिने नावही काढलं नाही.

"बाबा शेवटचे आपल्याकडे आले होते, तेव्हाची सुरमई?" तिने विचारलं.

"शेवंतीकडची."

"ते जाईपर्यंत येईल-जाईल त्याला सांगत होते, जावयाने माझ्यासाठी समुद्रातून धरून आणली म्हणून."

काहीतरी बोलायला तर हवं होतं!

"अगं, पण ताजी होती!"