खिडकीवाल्यांची खोली

ओळखीच्या ठिकाणी आधी बुकिंग करणं म्हणजे आपल्याच घराची बेल वाजवून आत जाणं, असं माझं स्पष्ट मत होतं. ते मी बायकोला निघण्याआधी ऐकवलं, गाडीत ऐकवलं आणि वाटेत चाकात हवा भरणाऱ्यालाही ऐकवलं. पानगळ सुरू झाली की आम्ही दोघं ठरलेल्या वाटेने जातो. आधी डोंगराकडची सफरचंदाची बाग, मग समुद्रकाठचं छोटंसं गेस्ट हाउस. मधली काही वर्षं हुकली, पण जागा काय पळून जातात?

बायको फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते आणि घरी आल्यावर तिचे स्वतःचे वाकत नाहीत. या खेपेला तिची एकच मागणी होती. "बाकी सगळं तू ठरव. मला फक्त त्या वरच्या खोलीच्या खिडकीत बसायचंय. पाय वर घेऊन."

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर असतो. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो, आणि त्या इतक्या काढल्या की मधल्या काळात बढतीही मिळाली. तेव्हा नियोजन माझ्याकडे असणं ओघानेच आलं.

बागेत सगळं जागच्या जागी होतं. झाडं लगडलेली, बागवान तसाच घुम्या. बायकोने गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंसाठी नेहमीसारखी सफरचंदांची पेटी घ्यायची म्हटलं. मी डिकी उघडून दाखवली. त्यात माझी उशी होती, वाचायचा दिवा होता आणि चहाची किटली होती.

"किटली त्यांच्याकडे असते की," ती म्हणाली.

"त्यांची गळते."

पेटी राहिली. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

गेस्ट हाउसच्या काउंटरवर मालकीणबाई नव्हत्या. एक तरतरीत मुलगी होती, त्यांची नवी सून. वरची समुद्राकडची खोली मिळणार नाही, असं तिने गोड आवाजात सांगितलं. किल्ली तिच्या डोक्यामागे खिळ्याला लटकत होती.

"रिकामी दिसतेय," मी म्हणालो.

"रिकामीच आहे. पण राखून ठेवलीय. खिडकीवाल्यांशिवाय कुणाला द्यायची नाही, अशी सासूबाईंची सक्त ताकीद आहे."

हे खिडकीवाले कोण, म्हणून चौकशी केली. कुणी एक जोडपं होतं म्हणे. याच दिवसांत यायचं. फोन नाही, निरोप नाही, एकदम दारात उभं. हल्ली बरेच दिवस आलेलं नाही, तरी या दिवसांत खोली त्यांच्यासाठी झाडून ठेवायची. नाव ठाऊक नाही, कारण आवडत्या माणसांना सासूबाई नाव विचारत नाहीत.

माझा पारा चढला. मी आवाज चढवला नाही. डेस्कवर आम्ही तो चढवत नाही, शब्द धारदार करतो. असल्या लोकांना साधा एक फोन करता येत नाही का, असं मी विचारलं. त्यांना मी बेजबाबदार म्हटलं, लाडावलेले म्हटलं, दुसऱ्याच्या जागेवर बूड टेकून बसणारे म्हटलं. त्याच ओघात काउंटरवरचं घड्याळ मागे असल्याचं, पायपुसणं उलटं घातल्याचं आणि कुंडीतल्या झाडाला पाणी हवं असल्याचंही सुनेच्या निदर्शनास आणलं. बायको बाही ओढत होती. ती मला शांत करतेय असं वाटून मी आणखी शांतपणे बोलू लागलो.

शेवटी ती कानाशी येऊन म्हणाली, "अरे, ते आपणच आहोत."

मी तपशील ताडून पाहिले. सगळे जुळत होते. मग कॉलर नीट करून मी सुनेकडे वळलो आणि आम्हीच ते खिडकीवाले असल्याचं जाहीर केलं.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. रांग मोठी दिसली की मंत्र्याचा भाचा होणाऱ्या माणसाकडे बघतात, तसं.

"आत्ताच तर तुम्ही त्यांना बेजबाबदार म्हणालात."

"रागाच्या भरात."

"तेच म्हणतेय मी. खिडकीवाले रागावत नाहीत."

सासूबाईंनी तिला पूर्ण वर्णन सांगून ठेवलं होतं. ते गृहस्थ म्हणजे देवमाणूस. चहा गार झाला तरी आवडीने पितात, दिवे गेले तर बरं झालं म्हणतात, ड्रॉवर अडकला तर स्वतःच दुरुस्त करतात. बाई इतक्या मोकळ्या हसतात की स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं. "आणि येताना सफरचंदांची पेटी आणतात," असं म्हणून तिने काउंटरवरून वाकून माझ्या हातांकडे पाहिलं.

हातात किटली होती.

सासूबाईंना फोन लावायला सांगितलं. त्या बहिणीकडे गेल्या होत्या, सकाळी येणार होत्या आणि फोन हरवू नये म्हणून कपाटात ठेवून गेल्या होत्या.

आम्हाला मागची खोली मिळाली. तिच्या खिडकीतून वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या. बायको सुटकेसवर पाय ठेवून त्यांच्याकडे बघत बसली. "समुद्र नाही, पण हलतंय तरी," ती म्हणाली. मी गादीविषयी काही बोलणार होतो, तेवढ्यात तिने विचारलं, "तू खरंच गार चहा प्यायचास?"

"प्यायचो असेन."

"प्यायचास. मीसुद्धा विसरले होते."

ती चिडून बोलली असती तर परवडलं असतं.

सकाळी मालकीणबाई परतल्या, तेव्हा मी टोपी घालून, दोन्ही हातांत बॅगा घेऊन सुनेला मागच्या नळाच्या गरम पाण्याविषयी सुनावत होतो. बाईंनी बायकोला पाहताक्षणी मिठी मारली. वाळली म्हणाल्या, उशीर केला म्हणाल्या. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी विचारलं, "आणि मिस्टर नाही आले का या खेपेला?"

मी तीन हातांच्या अंतरावर उभा होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. वेळ घेऊन पाहिलं.

"येतायत मागून," ती म्हणाली. "पोचतील."

"मग तू तुझ्या खोलीत जा बघू. हे गाडीवाले का? यांना मागचीच खोली चालेल ना?"

माझ्या जिभेवर हरकती तयार होत्या, मुद्देसूद, महत्त्वाच्या क्रमाने. बायको जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली होती. वळली नव्हती, नुसती थांबली होती.

मी हरकती गिळल्या. "चालेल की," मी म्हणालो. "छान झोप लागली तिथे. चादरी वाऱ्यावर हलताना फार सुंदर दिसतात."

मालकीणबाईंनी चष्मा वर सरकवून मला नीट न्याहाळलं.

"अगबाई, हे तर पोचले की!"

बायको हसली. इतकी मोकळी हसली की स्वयंपाकघरातून आचारी बाहेर डोकावला. सुनेने खिळ्यावरची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली.

आता बायको खिडकीत बसली आहे, पाय वर घेऊन. समोर समुद्र आहे. खिडकीची कडी नीट लागत नाही, फटीतून वारा थेट माझ्या मानेवर येतो आणि नुकताच आलेला चहा गार आहे. मी कुणाला काही बोललेलो नाही. तुम्हाला सांगितलं, ते कृपया आपल्यातच ठेवा.