पिशवीवालीचे डाव

"हे काम या शहरात माझ्याशिवाय कुणाला जमणारच नाही!"

ढब्बूनं हे आरशाकडे बघून जाहीर केलं तेव्हा त्याच्या तोंडात टूथब्रश होता. त्यामुळे घरात कुणाला एक अक्षर कळलं नाही. एका परीनं ते बरंच झालं!

ढब्बू हे त्याचं घरातलं नाव, आणि ते का पडलं हे त्याच्याकडे एकदा बघितलं की कळायचं. घराबाहेर तो फिजिओथेरपिस्ट होता. आखडलेल्या माना, रुसलेले खांदे, कुरकुरणारे गुडघे, सगळे त्याच्या हाताखालून जायचे. पण दवाखाना सुटला, की गडी थेट मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये! तिथं तो डोंगराएवढ्या पैलवानांना अंगठ्यानं लोळवायचा.

त्या गेममध्ये बाजाराचा एक देखावा होता. पुढे दोन योद्धे एकमेकांची हाडं मोडत असायचे, आणि मागे एक म्हातारी कापडी पिशवी घेऊन उभी असायची. ती कुणाशी लढत नसे. "काय हे!" असं वाटून मान हलवत नुसती बघत राहायची. खेळणाऱ्यांचा तिच्यावर भारी जीव! सगळे तिला 'पिशवीवाली' म्हणायचे.

त्या गेममध्ये चाहत्यांना आपली पात्रं घालायची मुभा होती. शहरातल्या चाहत्यांच्या गटानं एक दिवस घोषणा केली: पिशवीवालीला आपणच लढायला उतरवायचं! तिचे डाव सुचवा. ठोसे, लाथा, सलग फटक्यांचे कॉम्बो आणि शेवटचा एक महाडाव. खऱ्या माणसाकडून करवून घेतलेल्या हालचालींचा व्हिडिओ पाठवा. ज्याचे डाव सरस, त्याचे आम्ही गेममध्ये घालू.

ढब्बू हरखला. शरीराच्या हालचाली हा तर त्याचा धंदा! त्यानं डाव रचले, तेही असे की वाचणाऱ्यानं टोपी काढावी. पहिला 'रांगभेदी कोपर': रांगेत घुसणाऱ्याच्या बरगडीत खोचायचा. दुसरा 'घासाघीस': समोरच्याची कॉलर धरून त्याला भाजीच्या भावासारखं खाली खाली पाडत आणायचं. आणि महाडाव 'चक्री पिशवी': एका पायावर गिरकी घेत पिशवी डोक्यावरून फिरवायची आणि "हट्ट!" अशी गर्जना करत हाणायची!

मग त्यानं फोन कपाटाला टेकवून स्वतःचाच व्हिडिओ काढला. बघितला, आणि त्याचा चेहरा उतरला. पडद्यावर म्हातारी कुठेच नव्हती. पिठाचं पोतं जिन्यावरून गडगडत यावं, तसं काहीतरी दिसत होतं.

खरी म्हातारी हवी होती. आणि ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती!

आत्या म्हणजे ढब्बूच्या वडिलांची थोरली बहीण. आयुष्यभर ग्रंथपाल होती. तिनं चष्म्यावरून नुसतं बघितलं, की गच्च भरलेला वाचनकक्ष गप्प व्हायचा. निवृत्त झाली, गुडघा दुखायला लागला आणि ढब्बूच्या घरी राहायला आली. आता गप्प करायला तिच्याकडे एकटा ढब्बूच उरला होता.

"आत्या, मारामारीच्या गेमसाठी तुझा व्हिडिओ काढू?"

"शोभतं का रे मला? या वयात मारामारी!" आत्या म्हणाली आणि तिनं डबा असा काही बंद केला, की विषयही त्यातच बंद झाला.

इथं ढब्बूनं गप्प बसायला हवं होतं. पण डोक्यात कल्पना शिरली की शहाणपण बाहेर पडतं. दुसऱ्या दिवशी तो जिभेवर साखर पेरून म्हणाला, "आत्या, तुझ्या गुडघ्यासाठी नवे व्यायाम आणलेत. अगदी नवी पद्धत! व्हिडिओ काढतो, म्हणजे चुकतंय कुठे ते कळेल."

आत्याचा चेहरा उजळला. "हो का? कधीची मागे लागलेय तुझ्या!"

टेबल भिंतीला सरकलं. कापडी पिशवीत उशी कोंबली गेली. आत्यानं पदर खोचला.

"आता कोपर जोरात मागे. कुणीतरी रांगेत घुसतंय असं समज!"

"हा गुडघ्याचा व्यायाम?"

"गुडघा एकटा असतो का आत्या? सगळं एकमेकांना जोडलेलं असतं!"

हे आत्याला पटलं. तिनं कोपर असं काही मागे आणलं की मागून फोन धरून उभा असलेला ढब्बू कळवळून सोफ्यावर बसला. पण काय नजर! काय आवेश! 'चक्री पिशवी'ला तर भिंतीवरचं घड्याळ निखळलं. ढब्बूनं बरगडी चोळत व्हिडिओ पाठवून दिला आणि स्वतःवर जाम खूश झाला.

प्रकरण इथंच संपलं असतं. पण झालं असं, की आत्याला त्या व्यायामांनी बरं वाटायला लागलं! रोज सकाळी बागेत एका बाकावर बसून गुडघ्याला बोल लावणारी बाई आता बाकामागे उभी राहून पिशवी फिरवायला लागली.

बागेतले लोक आधी लांबून बघायचे. मग जवळून बघायला लागले. शिवणवर्ग चालवणाऱ्या एका काकूंनी विचारलं, "हे काय हो?"

"नवी पद्धत आहे," आत्या ताठ मानेनं म्हणाली. "माझा भाचा फिजिओथेरपिस्ट आहे ना!"

झालं! आठवडाभरात बागेत पिशव्यांचं पीक आलं. कुणी उशी भरून आणली, कुणी जुने मोजे. एका काकांनी चक्क दोन कोबीचे गड्डे आणले. "हट्ट!" अशी सामुदायिक गर्जना उठली की झाडावरचे पक्षी उडायचे आणि फिरायला आलेली कुत्री मालकांना ओढत फाटकाकडे पळायची!

ढब्बूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाग जागी व्हायची तेव्हा तो घोरत असायचा.

त्याला कळलं ते दवाखान्यात, आणि कळलं ते जजसाहेबांमुळे. हे निवृत्त न्यायाधीश. शिस्तीचे, कडक, खांद्याच्या दुखण्यासाठी मोठ्या मॅडमकडे येणारे. मोठ्या मॅडम म्हणजे दवाखान्याच्या प्रमुख. त्या दिवशी जजसाहेब नोंदणीच्या रांगेत उभे होते. एक घाईतला गृहस्थ मागून घुसायला लागला. जजसाहेबांनी शांतपणे चष्मा सारखा केला आणि कोपर मागे आणलं...

गृहस्थ पाण्याच्या पिंपावर, पिंप खुर्चीवर, आणि पाणी सगळ्यांच्या चपलांमध्ये!

"माफ करा," जजसाहेब म्हणाले. "व्यायामाची सवय झालीय. सुटतच नाही."

मोठ्या मॅडम बाहेर आल्या. "कसला व्यायाम?"

"रांगभेदी कोपर. तुमच्याच ज्युनिअरनं शोधलेला. त्याच्या आत्याबाई शिकवतात आम्हाला."

ढब्बू तेव्हा एका रुग्णाच्या पायाला पट्टी गुंडाळत होता. ती तो गुंडाळतच राहिला. पाय दिसेनासा झाला तेव्हा रुग्णच म्हणाला, "पुरे हो!"

मॅडमनी आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज उतरायचा, आणि तोच जास्त भीतीदायक असायचा. "मी उद्या सकाळी बागेत येते. बघते तुझी नवी पद्धत. त्या वयाच्या कुणाला काही इजा झाली, तर परवापासून इथे यायचं नाही. कळलं?"

ढब्बूनं मान डोलावली. तो घरी आला आणि आत्यासमोर खुर्चीच्या कडेवर टेकला.

"आत्या, उद्या बागेत साधेच व्यायाम कर. पाय वर, पाय खाली. बास."

"का?"

"असंच."

आत्यानं चष्म्यावरून बघितलं. त्या नजरेपुढे भल्याभल्यांनी फाडलेली पानं कबूल केली होती. ढब्बू कोण! त्यानं सगळं ओकून टाकलं. गेम, पिशवीवाली, स्पर्धा, सगळं.

आत्यानं चष्मा काढून ठेवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्या गुडघ्यासाठी नव्हतंच ते."

ढब्बूला वाटलं, ती ओरडली असती तर किती बरं झालं असतं.

"मी सगळ्यांना सांगत फिरले रे," ती म्हणाली. "भाच्यानं माझ्यासाठी शोधून काढलं म्हणून. ताठ मानेनं सांगत होते."

"चुकलो आत्या. मॅडमना मी सांगतो. तू येऊच नकोस उद्या."

"मी शिकवलंय त्यांना. मी जाणार," आत्या म्हणाली आणि उठून आत गेली.

सकाळी बागेत ढब्बू पहिल्यांदाच वेळेवर हजर होता. मोठ्या मॅडम हाताची घडी घालून झाडाखाली उभ्या होत्या. पिशवीधारी मंडळी जमली होती. ढब्बू घसा खाकरून पुढे झाला, पण आत्यानं त्याला हातानं मागे सारलं.

"ऐका सगळे," ती म्हणाली. "मी तुम्हाला जे शिकवलं ते गुडघ्याचे व्यायाम नाहीत. मारामारीचे डाव आहेत. कॉम्प्युटरच्या खेळातले. मलाही कालच कळलं. ज्याला थांबायचं असेल त्यानं थांबावं. माफ करा."

काकूंनी हातातल्या पिशवीकडे बघितलं. जजसाहेब पुढे आले.

"म्हणजे इतके दिवस मी कुणाला तरी मारत होतो?"

"हो," आत्या म्हणाली.

"आधी सांगायचं ना!" जजसाहेब कडाडले. "मी आणखी जोरात केलं असतं!"

हशाचा असा स्फोट झाला की मोठ्या मॅडमचीही घडी सुटली. काकू म्हणाल्या, "मी तर रोज माझ्या मशीन दुरुस्तीवाल्याला डोळ्यासमोर आणते. केवढी झोप लागते हो!" कोबीवाले काका म्हणाले, "मी घरी जाऊन त्याच कोबीची भाजी करतो. दोन्ही कामं होतात!"

मॅडमनी मात्र एकेकाला समोर बोलावलं. डाव करायला लावले, खांदे तपासले, गुडघे दाबले. शेवटी ढब्बूकडे वळल्या.

"कोपराला माझी हरकत नाही. कॉलर ओढताना कंबर वाकते, ती सरळ ठेवा. डोक्यावरून पिशवी बंद, कमरेइतकीच. गिरकी घेताना एक हात बाकावर. आणि कोबी अजिबात नाही!" मग त्यांचा आवाज पुन्हा उतरला. "खोटं सांगून व्यायाम द्यायचा नाही. पुन्हा कधीच नाही. उद्यापासून रोज सकाळी तू इथे उभा राहणार. ही माणसं घराबाहेर पडलीत, हसतायत, हातपाय हलवतायत. ती सांभाळायची जबाबदारी तुझी."

ढब्बूला नोकरी राहिल्याचा आनंद झाला, आणि रोज पहाटे उठण्याच्या कल्पनेनं डोळ्यांत पाणीही आलं. परतताना आत्या पुढे पुढे चालत होती. फाटकापाशी मात्र थांबली.

"मग? काय झालं तुझ्या त्या स्पर्धेचं?"

निकाल त्याच दुपारी आला. गटाच्या ॲडमिननं कळवलं होतं: 'कल्पना छान! पण हालचाली अवास्तव वाटतात. या वयाची बाई असं करूच शकत नाही. व्हिडिओत काहीतरी हातचलाखी आहे. नापास.'

ढब्बूनं वाचून दाखवलं. आत्यानं चष्मा पुसला.

"या मुलाचं वय काय?"

"असेल वीस-बावीस."

"बोलाव त्याला बागेत."

ॲडमिन रविवारी आला. दिवसरात्र खुर्चीत बसून पाठीचा पार कमानीचा दरवाजा झालेला! त्यानं सगळी मंडळी डाव करताना बघितली आणि त्याचा जबडा खाली आला तो वर जाईना.

"खरंच करता तुम्ही हे!"

"ये ना, तूही कर," आत्या प्रेमानं म्हणाली. "आधी हातपाय मोकळे कर हं."

"ते कशाला?" ॲडमिन हसला. त्यानं काकूंची पिशवी घेतली, ती थेट डोक्यावरून फिरवली, एका पायावर गिरकी मारली आणि "हट्ट!" म्हणाला.

पुढचा शब्द "आई गं!" होता.

त्याची कंबर अशी धरली की तो ना बसू शकेना, ना उभा राहू शकेना! एका बाजूनं जजसाहेब आणि दुसऱ्या बाजूनं आत्या, असा त्याला उचलून दवाखान्यात आणला. ढब्बूनं त्याची कंबर सोडवली. महिनाभर बिचारा रोज उपचारांना यायचा, आणि पालथा पडल्या पडल्या आत्याला विचारून एकेक डाव लिहून घ्यायचा. आत्या आता हालचाली समजावताना म्हणायची, "हे माझ्या भाच्यानं माझ्यावर बेतलेत." ते खरंच होतं, आणि मानही तितकीच ताठ असायची.

शेवटी पिशवीवाली गेममध्ये उतरली. तिला बघायला बागेतली सगळी मंडळी ढब्बूच्या घरी दाटीवाटीनं बसली. ढब्बूनं तिला निवडलं. पडद्यावर म्हातारी पिशवी सावरत पुढे आली, तिनं चष्म्यावरून बघितलं, आणि आत्यानं लाजून तोंडावर हात ठेवला.

लढत सुरू होणार, एवढ्यात पडद्यावर ॲडमिननं घातलेली एक सूचना झळकली. जजसाहेबांनी ती निकाल वाचावा तशी मोठ्यानं वाचली:

"या हालचाली प्रत्यक्षात करून बघू नयेत. साठीच्या आतल्यांनी तर मुळीच नाही!"