एकही परत जाणार नाही

दोन देशांमधली शांतता सैन्यावर नव्हे तर व्याकरणावर अवलंबून असते, हे थोरामोठ्यांना उशिरा कळतं आणि कारकुनांना आधी.

आमच्या शब्दशः भाषांतर कक्षाची स्थापना याच जाणिवेतून झाली. (जाणीव आधी झाली की जागा आधी रिकामी होती, याबद्दल मतभेद आहेत.) तिसरा मजला, बंद लिफ्टच्या मागे. माणसं तीन: कक्षाधिकारी म्हणून मी, बत्तीस वर्षं शब्दकोश उशाशी घेऊन झोपणारे दुभाषी काका, आणि टंकलेखिका बाई. काम एकच. नेते शेजारी राष्ट्राविषयी सभेत जे बोलतील, ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत त्यांच्या भाषेत त्यांच्या वकिलातीला पाठवायचं. गैरसमज नकोत म्हणून तसा करारच आहे. नियमही एकच: भाषांतर शब्दाला शब्द असावं, पदरचं काही घालू नये.

काका नियमाला इतके पक्के, की नियमालाच संकोच वाटावा.

नेते गरजले, "शेजाऱ्यांना पाणी पाजू!" काकांनी लिहिलं, "शेजाऱ्यांना प्यायला पाणी देऊ." आठवड्याभरात तिकडून आभाराचं पत्र आलं आणि नदीच्या पाण्याची चौदा वर्षं अडलेली बोलणी सुरू झाली. "धडा शिकवू" म्हटल्यावर सहा विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. "अस्मान दाखवू"मुळे हवाई मार्ग खुला झाला. "खरपूस समाचार घेऊ" याला उत्तर आलं, "इकडे सर्व खुशाल, आपली खुशाली कळवावी." ते मी फाइलला लावलं. फक्त "बिनपाण्याने हजामत करू" या वाक्यावर त्यांनी खुलासा मागवला, कारण आधीच्या पाण्याच्या आश्वासनाशी त्याचा मेळ बसेना.

तिकडेही असाच कक्ष असावा. त्यांचे नेते म्हणाले, "तुमच्या दारात आमचे बूट वाजतील," तेव्हा आमच्या व्यापार खात्याने पादत्राणांचे दर मागवले होते.

वर्षाअखेरीस आकडेवारी अशी: धमक्या एकेचाळीस, करार सतरा. कक्ष नव्हता तेव्हा धमक्या बारा आणि करार शून्य. त्यावरून तज्ज्ञांच्या समितीने धमक्या वाढवण्याची शिफारस केली.

सतरावा करार बाईंनी स्वतः टाइप केला, तीन प्रतींत, एकही चूक न करता. त्यांचा धाकटा भाऊ ट्रक चालवतो. दोन वर्षांपूर्वी दाट धुक्यात फाट्यावर उजवीकडे वळायचं ते डावीकडे वळला, आणि बादल्यांनी भरलेल्या ट्रकसकट सरहद्दीपलीकडे गेला. तेव्हापासून तिकडे अटकेत. असे आपले आठ चालक त्यांच्याकडे, त्यांचे आठ आपल्याकडे. या करारानुसार त्यांची अदलाबदल गुरुवारी ठरली.

"आईने त्याचा शर्ट इस्त्री करून ठेवलाय," बाई म्हणाल्या. "अंगाला बसतो की नाही कोण जाणे. वाळला असेल हो."

मंगळवारी सभा होती. नेत्यांच्या पदरी एक टाळीमापन अधिकारी आहे. (पद तात्पुरतं आहे. भरून अकरा वर्षं झाली.) त्याने अहवाल दिला होता की वाक्प्रचार शिळे झालेत, "पाणी पाजू" चाळीस सेकंदांवरून नऊवर आलंय. लोकांना कळेल असं साधं बोलावं.

नेत्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला आणि साधं बोलले. "त्यांची आठ माणसं आपल्याकडे आहेत. एकही परत जाणार नाही."

टाळ्या दोन मिनिटं दहा सेकंद. उच्चांक.

बुधवारी सकाळी काका ते वाक्य समोर घेऊन बसले. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "यात म्हण नाही, वाक्प्रचार नाही," ते म्हणाले. "पकडायला काही ठेवलंच नाही हो माणसाने."

बाई यंत्रावर हात ठेवून बसल्या होत्या. "काका, काहीतरी करा ना."

काकांनी शब्दकोश उघडला. साडेनऊला त्यांचा चेहरा उजळला. "'परत' म्हणजे 'पुन्हा'सुद्धा! एकही पुन्हा जाणार नाही. म्हणजे एकदा तर जाणारच की!"

माझ्या चाकरीत मी इतकं सुंदर भाषांतर पाहिलेलं नाही. पण खाली सही माझी असते. मी म्हणालो, "काका, हे पदरचं झालं."

काकांनी शब्दकोश मिटला. बाईंनी टाइप केलं. "एकही" वर पहिल्यांदाच त्यांची चूक झाली, म्हणून कागद बदलावा लागला. दहाला पाच कमी असताना पत्र गेलं. बाराला उत्तर आलं, तेही शब्दाला शब्द: आमच्याकडचे आठही इथेच राहतील.

यथावकाश चौकशी झाली. नेते निर्दोष ठरले, कारण त्यांनी लोकांच्या भावना बोलून दाखवल्या. काका निर्दोष, मीही निर्दोष. माझ्या नियमनिष्ठेची तर लेखी नोंद झाली.

बाईंनी मला बोल लावला नाही. एवढंच विचारलं, "साहेब, तुम्ही ड्यूटीवर होतात ना सभेला? दोन मिनिटं दहा सेकंद टाळ्या वाजवणारी ही माणसं होती तरी कोण?"

मी म्हणालो, "गर्दी फार होती बाई, ओळखीचं कुणी दिसलं नाही."

खरं म्हणजे हे वाचणारे तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात, आणि सगळ्यांचे हात थांबल्यावरही तुमचे चालू होते. पण मी तुमचं नाव घेतलं नाही.