घशाच्या डॉक्टरांचा घसा

शिष्येनं पाठवलेल्या पत्राला घशाच्या डॉक्टरांनी उत्तर दिलंच नव्हतं. ती आता मोठी तज्ज्ञ झाली होती आणि एका पाहणीसाठी सगळ्या तज्ज्ञांना लेखी प्रश्न विचारत होती. पहिलाच प्रश्न : छातीत जळजळ नसतानाही पोटातलं आम्ल घशापर्यंत चढू शकतं, हे आपणांस ठाऊक आहे का?

"माझी परीक्षा घेते! घशातलं मला कोणी शिकवायचं नाही!" म्हणत डॉक्टरांनी पत्र खणात ढकललं. खरं म्हणजे उत्तर चुकेल, याचीच धास्ती होती.

पुढे त्यांचाच आवाज बसला. सारखं खाकरणं, घशात बोळा अडकल्यासारखं वाटणं. जन्मभर दुसऱ्यांच्या घशात डोकावलेला माणूस स्वतःच्या घशात कसा डोकावणार? आरशासमोर आ वासला, तर पडजीभच वाकुल्या दाखवायला लागली!

"छातीत जळजळ?" छातीच्या डॉक्टरमित्रानं विचारलं.

"अजिबात नाही."

"मग आम्ल नव्हे. दमा!"

फवारा सुरू झाला. आवाज आणखी घोगरा झाला. मग अ‍ॅलर्जीवाले घरी आले आणि पुस्तकांनी भरलेली कपाटं बघून थबकले.

"जळजळ नाही ना? मग धूळच! पुस्तकं ठेवा नाहीतर घसा!"

बायकोनं दुसऱ्याच दिवशी रद्दीवाला बोलावला. "अहो, जीव मोठा की कादंबऱ्या?"

"अगं, निदान ती निळी..." पण आवाज फुटेल तर शपथ! डॉक्टर हातवारे करत राहिले. रद्दीवाल्याला वाटलं, म्हातारा घाई करतोय. त्यानं भराभर तीन कपाटं रिकामी केली.

आवाज मात्र तसाच. उघड्या फळ्यांकडे बघत डॉक्टर पडून राहत. आता एकच रोग उरला होता, ज्याचं नाव ते रोग्यांपुढेही हळूच काढत. अखेर मान खाली घालून ते शिष्येकडे गेले. तिनं नळी घालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"गाठ नाही, सर. आम्लानं सूज आलीय. जेवल्याबरोबर आडवे होता का?"

"होतो. पुस्तक घेऊन."

"अजूनही?"

"आता नुसताच."

घरी येऊन त्यांनी खणातलं पत्र काढलं. 'ठाऊक आहे का?' हो. 'केव्हापासून?' आजपासून. शेवटचा प्रश्न होता, निदानाला उशीर झाल्यास रुग्णाचं काय नुकसान होतं? डॉक्टरांनी बराच विचार केला, 'तीन कपाटं' असं लिहिलं आणि पत्र टपालपेटीत टाकून आले.