आमच्या दळण कंपनीचा एकुलता एक शुक्रवार

गिरणी चालवण्यात काय मोठंसं आहे हो? खाली एक दगड, वर एक दगड, मध्ये धान्य! मी कुवेतच्या पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये असले अजस्र पंप सांभाळतो, की त्यातला एखादा रुसला तर आमचा मॅनेजर डोक्याला हात लावून बसतो. माझ्यासारख्या माणसाला पिठाची गिरणी म्हणजे डाव्या हाताचा खेळ! असं मी सत्त्याण्णव साली बायकोपुढे छाती काढून म्हणालो होतो. माझ्या बायकोला, श्यामलाला, तेव्हा आठवा लागला होता. फार हसलं की तिला धाप लागायची. तरी ती हसलीच!

सगळ्याचं मूळ माझी आई. श्यामलाच्या माहेरी करणारं कुणी नाही आणि मला रजा नाही, म्हणून बाळंतपणासाठी आईला बार्शीहून सलव्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं होतं. आईशिवाय आमचं पान हलणार नव्हतं आणि ज्वारीच्या भाकरीशिवाय आईचं! इथल्या दुकानात ज्वारीचं पीठ मिळायचं, नाही असं नाही. पण ते बोटीनं यायचं, मग गोदामात लोळायचं आणि आमच्या हाती पडेपर्यंत त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, पार गेलेली असायची. आई थापायला बसली की भाकरी कडेनं चिरायची. तव्यावर टाकताना तर तिचे जिल्हे वेगवेगळे व्हायचे.

"ह्ये पीठ न्हाई, रांगोळी हाय!" आई शेवटी म्हणाली. "आन् तुमच्या त्या चपात्यांनी पोट नुसतं डब्ब झालंय. शशा, माजं तिकीट काढ. बुधवारी जाते मी."

"आई, अगं श्यामलाचं काय?"

"तिला बी घेऊन जाते की. बार्शीला बाळंत हुईल."

"आठव्या महिन्यात तिला विमानात कोण बसू देणार?"

"मग मी एकलीच जाते!"

आमची आई, ठकूबाई, एकदा बोलली की बोलली. मी बुधवारचं तिकीट काढलं आणि दुसऱ्याच दिवशी गिरणीच्या मागे लागलो.

नशीब बघा! सबाह अल-सालेमला राहणाऱ्या माझ्या पुणेकर मित्राकडे, परीक्षितकडे, चक्क एक छोटी दगडी गिरणी होती. घरसामानाबरोबर त्यानं ती हौसेनं आणली आणि पीठ उडालेलं त्याच्या बायकोला, मुक्ताला, खपत नाही म्हणून ती तळघरात खोक्यातच राहिली. मी मागायला गेलो होतो नुसती गिरणी. पण बोलता बोलता मला चेव चढला.

"एकट्या आईपुरतं कशाला? कंपनीच काढू! अख्ख्या कुवेतमधल्या मराठी माणसाला ताजं पीठ!"

झालं! लगेच स्थापनेची सभा भरली. 'अन्नपूर्णा' की 'महालक्ष्मी' यावर चहाची दोन पातेली संपली. मी अध्यक्ष झालो, परीक्षित उपाध्यक्ष, मुक्ता खजिनदार. चौथा होता दिनकर. कुडाळचा सुतार, कॉन्ट्रॅक्टवर आलेला, जवळच एका खोलीत चार बॅचलरांबरोबर राहणारा. गिरणी जमिनीला ठोकून बसवायला त्याला बोलावलं होतं.

"आणि मी कोण?" दिनकरनं विचारलं.

"तू सभासद."

"म्हणजे काम माकाच करूचा लागतला!" दिनकर म्हणाला. बाकी सगळं सभेनं एकमतानं मंजूर केलं.

आता ज्वारी! अख्खी ज्वारी कुवेतमध्ये एकाच ठिकाणी मिळते, शुक्रवारी भरणाऱ्या पक्ष्यांच्या बाजारात. तिथे जाफर नावाचा एक इराणी दाणे विकतो. मी पोतं मागितलं तसा तो खूश झाला.

"कितना कबूतर है तुम्हारा?"

"कबूतर नहीं है. माँ है."

जाफरनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"माँ को ये खिलाता है?"

"वो यही माँगती है!"

"सब बेटा लोग ऐसाच बोलता है," असं म्हणून त्यानं माझ्या आईसाठी तांदळाची एक पिशवी फुकट दिली आणि मला सलामही केला नाही. मी मान खाली घालून पोतं गाडीत टाकलं.

बाजारातून थेट परीक्षितच्या तळघरात. पुढच्या शुक्रवारची वाट बघण्यात अर्थ नव्हता, तोवर आई बार्शीत पोचली असती. दिनकरनं गिरणी ठोकून बसवली होती. मुक्तानं पट्ट्याला हळदकुंकू वाहिलं. मी बटण दाबलं. काय सुरेख फिरली! मला भरून आलं.

"चला, कुणाचं दळण आधी?" मी गर्जना केली.

कुणी हलेना! आपल्याकडे गिरणीत 'माझं आधी' म्हणून डबे पुढे सारणारी माणसं आपण. पण इथे एकदम लखनवी होऊन बसलेली!

"तुम्ही घ्या ना आधी."

"छे छे, पहिला मान तुमचा!"

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, नव्या दगडाचं पहिलं पीठ कचकचतं. दगडाची कच सगळी त्यात उतरते. शेवटी अध्यक्ष म्हणून मीच आईच्या ज्वारीतली पायलीभर घातली, ते पीठ एका टबात बाजूला काढलं आणि म्हणालो, "झाला दगड साफ. आता बोला!"

तर आता दुसरंच!

"माझे सिहोरचे गहू आहेत," परीक्षित म्हणाला. "मुक्ताच्या चकलीच्या भाजणीवर मी ते दळणार नाही. पोळीला धण्याचा वास येतो."

"आणि तुझ्या गव्हावर माझी भाजणी दळली तर चकली चिवट होते!" मुक्ता म्हणाली. नवराबायको, एकाच घरातले दोन डबे आणि दोघांची तोंडं दोन दिशांना!

"माका घावण्यांसाठी तांदूळ दळूचे आसत," दिनकर मध्येच म्हणाला. "धण्यांवर दळलास तर मी गिरण उखडून नेतलंय."

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. प्लांटमध्ये एक माल काढून दुसरा सोडताना आम्ही पाइप धुऊन घेतो. "तसंच करू!" मी म्हणालो. "दोन दळणांच्या मध्ये कसलं तरी साधं धान्य फिरवायचं. त्यानं दगड पुसला जाईल."

"कसलं?"

सगळ्यांची नजर माझ्या पोत्याकडे गेली.

"ज्वारीच बरी," परीक्षित म्हणाला. "ज्वारीला स्वतःचं असं काही मत नसतं."

अध्यक्षांना नाही कसं म्हणता येणार? भाजणी झाली, ज्वारी फिरवली. मुक्तानं वास घेतला, परीक्षितनं वास घेतला. "अजून येतोय!" आणखी ज्वारी. गहू झाले, ज्वारी. तांदूळ झाले, दिनकर म्हणाला, "थोडी माझ्या खोलीवाल्यांची वस्तू दळूची रवली हा," म्हणून पुन्हा ज्वारी. मी पोत्यात हात घालून बघत होतो आणि हात दर खेपेला आणखी खोल जात होता. तेवढ्यात दिनकरनं 'वस्तू' गिरणीत ओतली. मालवणी मसाल्याच्या मिरच्या!

"अरे, मिरचीची गिरणी वेगळी असते!" मी ओरडलो.

"कुवेतात खंय आसा?"

पुढचं मला नीट दिसलं नाही. कुणालाच दिसलं नाही. आम्ही चौघं शिंकत भिंती चाचपत होतो. मी आंधळ्यासारखी उरलेली सगळी ज्वारी गिरणीत उपडी केली, म्हणजे मिरची तरी निघेल. मिरची निघाली आणि एसीच्या झडपेतून वर घरमालकाच्या दिवाणियात गेली! तिथे त्यांच्या मित्रांची बैठक भरली होती. वरून एकदम तोफखाना सुरू झाला. मग घरमालक स्वतः जिना उतरून आले, डोळे लाल, पांढऱ्या पायघोळ दिशदाशावर अश्रू.

"शिनू हाज़ा?" ते गरजले. म्हणजे, हे काय आहे?

"कंपनी," मी म्हणालो.

गिरणी त्याच क्षणी फाटकाबाहेर गेली. मागोमाग संचालक मंडळ.

घरी येताना माझ्या गाडीत काय होतं? धण्याची ज्वारी, गव्हाची ज्वारी, मिरचीची ज्वारी. निव्वळ ज्वारीचं पीठ एकच, त्या पहिल्या टबातलं! बुधवार डोक्यावर. मी ते पीठ चाळणीनं चाळलं, मलमलीनं चाळलं, श्यामलाच्या रेशमी ओढणीनंसुद्धा चाळलं. चिमूट जिभेवर ठेवून पाहिली. कच? नावालाही नाही!

"हां! ह्याला म्हंत्यात विरी!" आई थापता थापता म्हणाली. भाकरी तव्यावर टम्म फुगली. श्यामलाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या तर मघापासून होतंच. आईनं ठेचा घेतला, भाकरीचा पापुद्रा काढला, पहिला घास तोंडात घातला.

कड्!

आईनं सावकाश तोंडात बोट घातलं आणि कवळीचा अर्धा भाग बाहेर काढला. मग उरलेला अर्धा.

सलव्यातल्या दाताच्या डॉक्टरांनी मापं घेतली. नवी कवळी व्हायला महिना-दीड महिना, मध्ये दोन-तीनदा यावं लागेल. बुधवारचं तिकीट रद्द झालं! श्यामलानं सुटकेचा निःश्वास सोडला आणि मी थोडीशी कॉलरही ताठ केली. शेवटी ज्यासाठी कंपनी काढली ते झालंच की नाही?

त्या रात्री आईनं बार्शीच्या शेजारणीला, सीताबाईंना, फोन लावायला सांगितला. बोळक्या तोंडानं, पण खणखणीत आवाजात ती बोलत होती.

"अगं सीते, इतक्यात न्हाई येत मी. शशानं गिरणी काढलीया माज्यासाठी! व्हय, गिरणी! तितं सायब लोक सुदिक दळायला येत्यात. भाकरी? रोज ताजी! लय झ्याक!"

फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "शशा, दुदात अजून एक कुबूस कुस्कर."

मी तो मऊ अरबी रोट कुस्करला. अध्यक्षांकडे आता तेवढंच दळण उरलं होतं.