क्रमांक सत्तेचाळीस हजर आहे

जन्माला कोणीही येतो. जन्माची नोंद व्हायला मात्र नशीब लागते. हे सत्य बऱ्याच जणांना उशिरा कळते. आमच्या लघुपोपट पालक मंडळाला ते पहिल्याच सभेत कळले आणि तेव्हापासून मंडळाने मागे वळून पाहिलेले नाही. (पुढेही फारसे पाहिलेले नाही.)

मी या मंडळाचा चिटणीस. सभासद दोनशे चौदा, चिमणीएवढे पोपट अंदाजे तीन हजार, फायली तीन हजार सहाशे. पोपटांपेक्षा फायली जास्त कशा, असे नवे सभासद विचारतात. जुने विचारत नाहीत.

मंडळाचा कणा म्हणजे रिंग. ॲल्युमिनियमची, अखंड, वाटाण्यात मावेल एवढी, आणि तिच्यावर क्रमांक कोरलेला. पिल्लू अंड्यातून निघाले की सहाव्या ते आठव्या दिवसात ती पायात सरकवायची. आधी घातली तर निसटते. उशीर झाला तर पंजा मोठा होतो आणि रिंग चढत नाही. पोपट घरातच जन्मला याचा एवढाच पुरावा. बिनरिंगचा पोपट रानातून पकडून आणलेला आहे असे नियम अकरा धरून चालतो, आणि नियम बाराप्रमाणे अशा पक्ष्याला सन्मानाने निसर्गात परत सोडण्यात येते. पिंजऱ्यात वाढलेले हे जीव बाहेर चार दिवसही काढत नाहीत, हे प्रत्येक सभासदाला ठाऊक आहे. नियमात तसा उल्लेख नाही, त्यामुळे नियम वाचायला छान वाटतो.

आता घड्याळजींचे प्रकरण. हे आमचे सभासद घड्याळे दुरुस्त करतात. हात इतका हलका, की रिंग घालताना पिल्लाची झोपही मोडत नाही. तीन-चार महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे एकच पिल्लू निघाले. माणूस शिस्तीचा, म्हणून पाचव्याच दिवशी त्यांनी जन्मनोंदीचा फॉर्म भरून दिला: रिंग क्रमांक सत्तेचाळीस. सहाव्या दिवशी त्यांच्या पत्नीच्या पोटात कळा सुरू झाल्या, तातडीने ऑपरेशन झाले, आणि घड्याळजी पाच दिवस दवाखान्यातल्या बाकावर बसून राहिले. शेजारणीने दाणापाणी पाहिले, पण रिंगचे तिला काय ठाऊक! अकराव्या दिवशी घरी येऊन पाहतात तर रिंग पंजावर चढेना. पोपटाचा पंजा आणि बायकोचा जीव यांत त्यांनी बायकोची निवड केली होती. मंडळ कोणाच्या खासगी आवडीनिवडीत ढवळाढवळ करत नाही.

पुढचे दोन महिने वहिनी अंथरुणावर होत्या. ते पिल्लू त्यांच्या उशीवर वाढले. त्यांच्याच ताटलीत जेवायचे, औषधाच्या बाटलीशी भांडायचे. "ही पहिल्यांदा हसली ना, ती त्याच्यामुळे," असे घड्याळजी मला म्हणाले. गोष्ट हृद्य आहे. फॉर्मात तिला रकाना नाही.

नोंदवलेला प्रत्येक पक्षी वार्षिक प्रदर्शनात हजर करावा लागतो, म्हणून नवराबायको त्याला घेऊन आले. खरे काय घडले ते सांगू, समिती समजून घेईल, अशी त्यांची आशा होती. (आशेवर मंडळाचे नियंत्रण नाही.) अध्यक्षांनी वाकून पोपटाचे पाय पाहिले. मीही पाहिले. पायांच्या वरचा भाग पाहण्याची पद्धत नाही.

"सत्तेचाळीस कुठाय?" अध्यक्षांनी विचारले.

"हा काय, समोरच," घड्याळजी म्हणाले.

"हा बिनरिंगचा आहे हो. मी सत्तेचाळीस विचारतोय."

घड्याळजींनी खिशातून रिंग काढून टेबलावर ठेवली. अध्यक्षांचा चेहरा उजळला.

"मग आधीच सांगायचं ना! चिटणीस, हजर लिहा."

मी हजर लिहिले.

"अहो, पण याला अंड्यातून बाहेर येताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय," वहिनी म्हणाल्या.

"पाहिलं असेल, वहिनी," अध्यक्ष मायेने म्हणाले, "पण तुमच्या डोळ्यांवर नंबर कुठाय?"

क्रमांक सत्तेचाळीसला टेबलावरून उचलून पिंजऱ्यात ठेवले आणि रीतसर परीक्षण झाले. कांती: चमकदार. पिसे: एकही तुटलेले नाही. स्वभाव: शांत, परीक्षकास चावला नाही. दांडीवर बसण्याची ढब: दोऱ्याने बांधल्यावर समाधानकारक. आवाजात अर्धा गुण कापला. (पक्षपाताचा आरोप नको.) पहिला क्रमांक आला. दोनशे चौदापैकी दोनशे तेरा सभासदांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, आणि तिघांनी सत्तेचाळीसच्या पिल्लांसाठी आगाऊ नावे नोंदवली.

चार वाजता नियम बारा.

"साहेब, आम्ही घरी नेतो. परत कधी आणणार नाही," घड्याळजी हात जोडून म्हणाले. विनंती लेखी हवी होती, आणि विनंतीअर्जात पक्ष्याचा रिंग क्रमांक अनिवार्य आहे. वहिनींनी त्याला पदराखाली धरले होते. अध्यक्षांनी हळुवारपणे काढून घेतले आणि बाहेर, जिथे गाड्या उभ्या करतात, तिथे मूठ उघडली. तो उडून विजेच्या तारेवर बसला. कावळे जमू लागले, तसा बिचकून इमारतींच्या मागे गेला. वहिनी हात पुढे करून शीळ घालत राहिल्या. मी वही उघडली. इतिवृत्तात मी 'कार्यक्रम आनंदात पार पडला' असे लिहिले.

आज तिसरा दिवस. दोघे गल्लोगल्ली फिरत आहेत. दुकान बंद आहे. सकाळी वहिनी कार्यालयात आल्या होत्या. टाके अजून दुखतात, जिना चढताना दोनदा थांबल्या. "भाऊजी, चार लोकांना तरी सांगा हो," म्हणाल्या. म्हणून हा मजकूर. तुमच्या गॅलरीत, खिडकीत, झाडावर तो दिसला तर कृपया ताबडतोब कळवा.

पण ओळखणार कसा? त्याचा रंग वहिनींनी मला सांगितला होता. रकाना नसल्याने मी लिहून घेतला नाही. तुम्ही इथवर वाचत आलात, हळहळलातही असाल, पण तो कोणत्या रंगाचा होता हे एकदाही तुमच्या मनात आले नाही. क्रमांक मात्र तोंडपाठ आहे. मंडळाला असेच सभासद हवे असतात. फॉर्म कार्यालयात मिळेल.